बेस गिटारचे ‘मल्टि-इफेक्ट्स’ : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

घुग्घुस, प्रतिनिधी

गणेशोत्सवातला किंवा शारदोत्सवातला एखादा ऑर्केस्ट्रा आठवून पाहा. गायकाचा आवाज लक्षात राहतो, ऑक्टोपॅडचा ठेका लक्षात राहतो, कीबोर्डवरची सुरावटही लक्षात राहते. व्यासपीठाच्या एका कोपऱ्यात चार जाड तारांची गिटार गळ्यात अडकवून उभा असलेला वादक मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. तो वाजवायचा थांबला, की गाणे एकाएकी पोकळ वाटू लागते. पण ते का, हे श्रोत्याला सांगता येत नाही. बेस गिटारचे काम असे घराच्या पायासारखे आहे. पाया दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच खर्चाला कात्री लावताना पहिली नजर त्याच्यावर जाते.

लहान शहरांतील वाद्यवृंदांत आज नेमके हेच घडते. कीबोर्डवादक डाव्या हाताने खालचे सूर वाजवू शकतो, किंवा ते आधीच भरून ठेवलेले असतात. ‘मग बेससाठी वेगळा माणूस आणि वेगळे मानधन कशाला?’ असा प्रश्न आयोजक सहज विचारतात. या प्रश्नाला उत्तर द्यायचे, तर बेस गिटारचा आवाज ऐकताक्षणी कीबोर्डच्या बेसहून निराळा, भरीव आणि जिवंत वाटला पाहिजे. त्यासाठी अनेक तरुण वादक आपल्या महिन्या-दीड महिन्याच्या कमाईवर पाणी सोडून ‘मल्टि-इफेक्ट्स पेडल’ घेण्याचा विचार करतात. कोळसा खाणी, सिमेंट आणि लोखंड यांवर जगणाऱ्या घुग्घुससारख्या गावात, जिथे पाळीचे काम सांभाळून वाद्य हाती धरले जाते, तिथे हा खर्च लहान नाही. म्हणूनच हे उपकरण नेमके काय करते, कोणते घ्यावे आणि घेतल्यावर कसे वापरावे, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

चार तारांचा इतिहास

विजेवर वाजणाऱ्या बेस गिटारला लोकमान्यता मिळाली ती अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘प्रिसिजन बेस’मुळे. त्यापूर्वी खालच्या सुरांसाठी माणसाएवढ्या उंचीचा डबल बेस उभा करून वाजवावा लागे. नव्या वाद्याला गिटारसारखे पडदे होते. त्यामुळे सूर अचूक मिळू लागला आणि वाद्य खांद्याला लावून कोठेही नेता येऊ लागले. पुढे हिंदी चित्रपटसंगीतातही ते रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेल्या बेसची रसिक आजही आठवण काढतात. अलीकडच्या काळात मुंबईच्या मोहिनी डे यांनी ए. आर. रहमान यांच्यासह अनेकांबरोबर वाजवून या दुर्लक्षित वाद्याकडे तरुणांचे लक्ष वेधले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या परिसरात बेस गिटारला जागा मिळेल असे प्रसंग वर्षभर येत असतात. गणपती आणि नवरात्राचे ऑर्केस्ट्रा, १४ एप्रिलचे भीमगीतांचे कार्यक्रम, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे दिलेल्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ भरणारा सोहळा, लग्नाच्या वराती, असे हे निमित्तांचे चक्र आहे. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीचे नाव राज्याबाहेरही गेले. रात्रभर चालणाऱ्या या नाटकांत संगीताचा वाटा मोठा असतो. एकेकाळी ऑर्गन आणि तबला यांवर भागणाऱ्या या मंचावर आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही स्थिरावले आहेत.

या सर्व मंचांत एक गोष्ट समान असते. तिथे बेस गिटारसाठी स्वतंत्र अँप्लिफायर क्वचितच मिळतो. साउंडवाला एक वायर हातात देतो आणि ती थेट मिक्सरला जोडलेली असते. गिटार तशीच जोडली, तर आवाज कोरडा, सपाट आणि कधी नुसता घुमणारा येतो. मल्टि-इफेक्ट्सचा खरा उपयोग इथे आहे. चित्रविचित्र आवाज काढणे हे त्याचे दुय्यम काम होय. आपला अँप्लिफायर, आपला स्पीकर आणि आपला ठरलेला आवाज पिशवीत घालून नेण्याची सोय, ही त्याची लहान गावातील वादकासाठी पहिली किंमत आहे.

पेटीच्या आत काय असते?

पूर्वी प्रत्येक परिणामासाठी वेगळे पेडल घ्यावे लागे. मल्टि-इफेक्ट्स म्हणजे अशी अनेक पेडल एका छोट्या संगणकात बसवलेली पेटी. गिटारमधून आलेला विजेचा संकेत आकड्यांत रूपांतरित होतो, त्या आकड्यांवर गणिती प्रक्रिया होते आणि पुन्हा त्यांचा आवाज बनतो. याला काही सहस्रांश सेकंदांचा वेळ लागतो. तो वाटतो तितका गंभीर नाही. ध्वनीला हवेतून एक मीटर जायला सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे स्पीकरपासून तीन पावले दूर उभे राहिल्याने होणारा उशीर या पेटीच्या उशिराहून लहान नसतो.

त्यातील परिणामांपैकी बेसवादकाला खरोखर लागणारे थोडेच आहेत. ‘कॉम्प्रेसर’ जोरात आणि हळू वाजलेल्या सुरांतील अंतर कमी करून आवाज एका पातळीवर आणतो. ‘इक्वलायझर’ आवाजातील खालच्या, मधल्या आणि वरच्या भागांचे प्रमाण बदलतो. ‘ओव्हरड्राइव्ह’ सुराला किंचित खरखर देतो. ‘अँप’ आणि ‘कॅबिनेट सिम्युलेशन’ हे खऱ्या अँप्लिफायरची आणि स्पीकरच्या खोक्याची नक्कल करतात. ‘कोरस’ एकाच सुराची किंचित हलणारी जोडी तयार करतो, तर ‘ऑटो-वाह’ तारेवरील आघातानुसार आवाजाचे तोंड उघडतो आणि मिटतो. याखेरीज ट्यूनर, तालयंत्र आणि आपण वाजवलेला तुकडा पुन:पुन्हा ऐकवणारा ‘लूपर’ या गोष्टी बहुतेक पेट्यांत असतात. शोभेच्या परिणामांपेक्षा या शेवटच्या तीन गोष्टींचाच रोजच्या रियाझात अधिक उपयोग होतो.

गिटारचे पेडल बेसला का चालत नाही?

दुकानात किंवा मित्राकडे साध्या गिटारचे मल्टि-इफेक्ट्स स्वस्तात मिळते आणि ‘तेच वापर’ असा सल्लाही मिळतो. तो स्वीकारण्यापूर्वी थोडे गणित पाहावे. गिटारची सर्वात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. बेस गिटारची जाड तार ४१ वेळा, म्हणजे नेमकी एक सप्तक खाली. पाच तारांच्या बेसवर ही संख्या ३१ पर्यंत उतरते. गिटारसाठी बनवलेले ओव्हरड्राइव्ह आणि स्पीकरच्या नकला हा खालचा भाग बहुधा छाटून टाकतात, कारण गिटारला त्याची गरज नसते. परिणामी बटण दाबताच आवाज मोठा झाल्यासारखा वाटतो, पण गाण्याखालची जमीन सरकते.

बेससाठी बनवलेल्या पेडलमध्ये यावर उपाय असतो. मूळ स्वच्छ आवाज आणि बदललेला आवाज किती प्रमाणात मिसळायचा, हे ठरवणारे ‘ब्लेंड’ किंवा ‘मिक्स’ नावाचे नियंत्रण तिथे असते. खालचा भाग स्वच्छ आवाजातून येतो, धार बदललेल्या आवाजातून येते. पेडल पाहताना ओव्हरड्राइव्हमध्ये हे नियंत्रण आहे की नाही, ही पहिली तपासणी करावी.

कोणते घ्यावे?

बाजारात आज नव्या पेट्या साधारणत: दहा हजार रुपयांच्या आसपासपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत मिळतात. झूम कंपनीचे ‘बी१ फोर’ हे खालच्या टोकाला येते. त्यात एका वेळी पाच परिणाम वापरता येतात आणि ते चार पेन्सिल सेलवरही चालते. याच्याच ‘बी१एक्स फोर’ या भावंडाला पायाने खालीवर करता येणारे ‘एक्स्प्रेशन पेडल’ जोडलेले आहे. मधल्या पायरीवर बॉस कंपनीचे ‘जीटी-१बी’ येते. तेही चार सेलवर चालते आणि त्यालाही एक्स्प्रेशन पेडल आहे. वरच्या टोकाला ‘लाइन ६’चे ‘एचएक्स स्टॉम्प’ आहे. त्यातील अँप्लिफायरच्या नकला अधिक सरस आहेत आणि बाहेरून आणलेल्या स्पीकरच्या ध्वनिठशांनाही त्यात जागा आहे. मात्र ते सेलवर चालत नाही. त्याला ९ व्होल्टचा, ३ अँपिअरचा स्वत:चा अ‍ॅडॅप्टर लागतो.

केवळ नावावर किंवा परिणामांच्या संख्येवर भाळू नये. ‘शंभर इफेक्ट्स’ हा आकडा खोक्यावर छान दिसतो. प्रत्यक्षात वर्षभरात वादक पाच-सहा आवाजांपलीकडे जात नाही. त्याऐवजी पुढील प्रश्न दुकानदाराला विचारावेत.

पहिला, यात हेडफोनची सोय आहे का? खाण आणि कारखान्यांच्या वसाहतीत शेजारी रात्रपाळी करून दिवसा झोपलेला असतो, किंवा सकाळच्या पाळीसाठी लवकर झोपतो. क्वार्टरच्या दोन खोल्यांत अँप्लिफायर लावून रियाझ करणे अशक्यच. हेडफोनविना पेटी म्हणजे महिन्यातून दोनदा उघडायची पेटी.

दुसरा, पायाने दाबायची बटणे किती आणि त्यांच्यात अंतर किती? एकाच बटणाने मागे-पुढे जावे लागत असेल, तर गाणे चालू असताना पहिल्या आवाजावरून चौथ्यावर जाताना मधले दोन आवाज ऐकू येतील. त्यासाठी आवाजांचा क्रम गाण्यांच्या क्रमाप्रमाणे लावण्याची सवय करावी लागते.

तिसरा, मिक्सरला जोडण्यासाठी तीन टाचण्यांचे एक्सएलआर आउटपुट आहे का? स्वस्त पेट्यांत ते बहुधा नसते. तसे असल्यास ‘डीआय बॉक्स’ नावाची छोटी डबी वेगळी घ्यावी लागेल आणि तिची किंमत आधीच हिशेबात धरावी. व्यासपीठापासून मिक्सरपर्यंतची पंधरा-वीस मीटरची वायर साध्या जॅकने जोडली, तर ती वाटेतील विजेचा सर्व गोंगाट गोळा करते. डीआय बॉक्स त्या संकेताची सरळ आणि उलटी अशी दोन रूपे करून पाठवतो. वाटेत दोन्हींत सारखाच शिरलेला गोंगाट मिक्सरमध्ये वजा होऊन जातो.

चौथा, संगणकाला जोडता येते का? यूएसबीची सोय असल्यास तयार केलेले आवाज जपून ठेवता येतात. पेटी बिघडली वा हरवली, तरी मेहनत वाया जात नाही. काही पेट्या थेट ध्वनिमुद्रणासाठीही चालतात.

जुने पेडल नागपुरातून किंवा परिचितांकडून घ्यायचे झाल्यास प्रत्येक बटण दहा वेळा दाबून पाहावे, जॅक लावून हलका हलवावा, प्रत्येक गोल नियंत्रण फिरवताना खरखर येते का ते ऐकावे, आणि मूळ अ‍ॅडॅप्टर सोबत मागून घ्यावा. हा शेवटचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो. प्रस्तुत प्रतिनिधीने महाविद्यालयीन दिवसांत एका कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी, आपला अ‍ॅडॅप्टर घरी राहिला म्हणून, कीबोर्डचा अ‍ॅडॅप्टर पेडलला लावला होता. टोक बरोबर बसले, क्षणभर दिवा लागला आणि मग जळका वास आला. तो अ‍ॅडॅप्टर बारा व्होल्टचा होता आणि त्याचे आतील टोक धन होते. बहुतेक इफेक्ट्स पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि आतील टोक ऋण असावे लागते. ही खूण अ‍ॅडॅप्टरवर आणि पेटीवर छोट्या वर्तुळाच्या चित्राने छापलेली असते. ते चित्र जुळवून पाहायला दहा सेकंद लागतात. ते न पाहिल्याचा दंड त्या वेळी वर्षभराच्या बचतीएवढा पडला.

आवाज कसा बांधावा?

नवी पेटी उघडली की आत कंपनीने भरून दिलेले आवाज सापडतात. ते दुकानात गिऱ्हाइकाला चकित करण्यासाठी केलेले असतात. गाण्यात ते बसत नाहीत. म्हणून रिकाम्या जागेपासून सुरुवात करावी आणि एक-एक परिणाम जोडत जावे.

सर्वप्रथम गिटार सुरात लावावी. इनपुटची पातळी अशी ठेवावी, की सर्वात जोरात वाजवल्यावरही अनाहूत खरखर येणार नाही. ज्या बेसमध्ये स्वत:ची बॅटरी असते, त्यांचा संकेत अधिक जोरकस असतो; त्यांच्यासाठी पातळी कमी लागते.

दुसरी पायरी कॉम्प्रेसरची. चारास एक हे प्रमाण सुरुवातीस योग्य. याचा अर्थ, ठरलेल्या मर्यादेवर आवाज चार पट्टींनी वाढला तर बाहेर एकच पट्टी वाढ दिसेल. ‘अटॅक’ तीस ते पन्नास सहस्रांश सेकंद ठेवावा, म्हणजे बोटाचा पहिला ठोका मोकळा जातो आणि मागचा सूर आवरला जातो. अटॅक फार जलद ठेवला, तर ठोकाच दाबला जातो आणि बेस गादीखालून आल्यासारखा वाटतो. मोजमापाची सुई तीन ते सहा डेसिबलपेक्षा जास्त हलू देऊ नये.

तिसरी पायरी इक्वलायझरची. चाळीस हर्ट्झच्या खालचा भाग छाटून टाकावा. चार तारांच्या बेसला त्याची गरज नसते आणि स्पीकरची शक्ती तिथे व्यर्थ जाते. ऐंशी ते शंभर हर्ट्झच्या आसपास सुराचे वजन असते. दोनशे ते तीनशेच्या दरम्यान आवाज चिखलासारखा होतो, तिथे थोडा कमी करावा. सातशे ते हजारच्या पट्ट्यात सुराची ओळख असते. तो भाग किंचित वाढवल्यास ढोलक आणि कीबोर्डच्या गर्दीतही कोणता सूर वाजला हे कळते. ऑक्टोपॅडचा ‘किक’ साधारण साठ हर्ट्झच्या आसपास घुमत असेल, तर बेसने तिथे मागे राहून शंभरच्या आसपास पुढे यावे. एका खुर्चीवर दोघे बसले की दोघेही पडतात.

चौथी पायरी ओव्हरड्राइव्हची, आणि इथे एक गंमत आहे. गावातील मंचावर बहुधा खालच्या सुरांचा वेगळा मोठा स्पीकर नसतो. बारा इंचांचे साधे खोके ४१ हर्ट्झचा मूळ सूर जेमतेमच देऊ शकतात. तरीही तो सूर आपल्याला ऐकू आल्यासारखा वाटतो. कारण प्रत्येक सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येचे उपसूर असतात आणि ते ऐकून मेंदू मूळ सूर स्वत:च भरून काढतो. ओव्हरड्राइव्ह हे उपसूर वाढवतो. म्हणून कानाला खरखर जाणवणार नाही इतका अल्प ओव्हरड्राइव्ह, स्वच्छ आवाजात मिसळून ठेवला, तर छोट्या स्पीकरवरही बेस ‘दिसू’ लागतो. पेटीतील हा सर्वात उपयुक्त आणि सर्वात कमी वापरला जाणारा उपाय आहे.

शेवटची पायरी अँप आणि कॅबिनेट सिम्युलेशनची. थेट मिक्सरला जोडताना हे दोन्ही चालू ठेवावेत. समोर खरा बेस अँप्लिफायर असेल, तर कॅबिनेटची नक्कल बंद करावी. अन्यथा खोक्यात खोके घातल्यासारखा कोंदट आवाज येतो. कोरस, ऑटो-वाह यांसारखे परिणाम गाण्याने मागितले तरच घ्यावेत. सप्तक खाली नेणारा ‘ऑक्टेव्हर’ जाड तारेवर निरुपयोगी आहे. ४१ ची निम्मी संख्या वीस होते आणि माणसाच्या श्रवणाची खालची सीमा तीच आहे. तो वरच्या पडद्यांवर, एका वेळी एकच सूर वाजवून वापरावा.

घरातला आवाज मंचावर का फसतो?

हेडफोनवर रात्री बांधलेला सुंदर आवाज मंचावर नुसता घुमतो, ही सर्वांची तक्रार आहे. त्यामागे कानाची रचना आहे. आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते तुलनेने अधिक ऐकू येतात. घरी लहान आवाजात आपण नकळत खालचा भाग वाढवून ठेवतो आणि मंचावर तोच अंगावर येतो. म्हणून प्रत्येक आवाजाची एक ‘मंचासाठीची’ प्रत करून तीत खालचा भाग थोडा कमी आणि मधला थोडा जास्त ठेवावा.

सर्व आवाजांची पातळीही सारखी करून घ्यावी. स्वच्छ आवाजावरून ओव्हरड्राइव्हवर जाताच आवाज दुप्पट झाला, तर साउंडवाला मिक्सरवरील पट्टी खाली ओढतो आणि पुढच्या गाण्याला ती वर घेण्याचे त्याच्या लक्षात राहत नाही. तीन आवाज पुरेसे आहेत: एक स्वच्छ, एक किंचित धारदार आणि एक खास प्रसंगासाठी.

वीज, जनरेटर आणि ४९ हर्ट्झचा सूर

आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. अर्थिंग नीट नसले की हाच आकडा स्पीकरमधून ‘हमिंग’ होऊन ऐकू येतो. बेसवादकाची अडचण अशी, की जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर वाजणारा ‘जी’ हा सूर ४९ हर्ट्झचा आहे. हमिंग आणि हा सूर जवळजवळ एकमेकांवर बसतात. इक्वलायझरने ५० हर्ट्झ कापून हमिंग घालवू पाहाल, तर तो सूरच गाण्यातून नाहीसा होईल. ‘नॉइज गेट’ हा परिणाम वाजवणे थांबल्यावरची हमिंग बंद करतो. वाजत असताना ती तशीच राहते, आणि गेट कडक ठेवला तर लांबणारे सूर मधेच तुटतात. म्हणजे हा रोग पेटीत औषध नसलेला आहे. त्याचे मूळ वायरिंगमध्ये शोधले पाहिजे.

प्रथम अ‍ॅडॅप्टर काढून पेडल सेलवर चालवून पाहावे. हमिंग गेली, तर दोष वीजजोडणीत आहे. डीआय बॉक्सवरील ‘ग्राउंड लिफ्ट’ हे बटण दाबून पाहावे. व्यासपीठावरील सर्व वाद्यांना शक्यतो एकाच बोर्डावरून वीज घ्यावी. मात्र हमिंग घालवण्यासाठी कोणत्याही यंत्राच्या प्लगची तिसरी, जाड टाचणी काढू नये. अनेक ठिकाणी हा ‘जुगाड’ केला जातो आणि तो जिवावर बेतू शकतो. एका हातात तारा आणि ओठाशी माइक, अशा स्थितीत दोन्हींचे अर्थिंग वेगळे असेल तर वादकाच्या शरीरातूनच वीज वाहते. कार्यक्रमापूर्वी वीजतंत्र्याकडून गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यात व्होल्टेज नाही ना, हे मीटरने पाहून घेणे हा कोणत्याही रंगीत तालमीइतकाच आवश्यक भाग आहे.

जनरेटरवर कार्यक्रम असेल, तर हॅलोजन लागताच व्होल्टेज खाली जाते आणि पेटी मधेच बंद पडून पुन्हा सुरू होते. अशा वेळी सेल घातलेले असणे उपयोगी पडते. रात्रभराच्या नाटकाला एक संच पुरेल असे गृहीत न धरता नव्या सेलचा दुसरा संच खिशात ठेवावा.

कोळशाची धूळ आणि वैशाखाचे ऊन

घुग्घुस परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि धुळीचे तर सांगायलाच नको. कोळशाची बारीक धूळ बटणांच्या फटीतून आत शिरते, जॅकच्या टोकावर बसते आणि काही महिन्यांत आवाज तुटक होऊ लागतो. पेटी वापरात नसताना कापडात गुंडाळून पिशवीत ठेवावी, रिकाम्या जॅकच्या भोकांवर चिकटपट्टी लावावी. खरखर सुरू झाल्यास विद्युत संपर्क साफ करणारा फवारा जॅकच्या टोकावर मारून ते चार-पाच वेळा आत-बाहेर करावे. खोबरेल तेल किंवा शिवणयंत्राचे तेल कदापि घालू नये. दुपारच्या तालमीनंतर पेटी उघड्या व्यासपीठावर वा बंद गाडीत सोडू नये. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत. उष्णतेने ते फुटून आतील भाग गंजतो.

शेवटी हात महत्त्वाचे

एवढे सारे सांगितल्यावर एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. ज्याची बोटे ठेक्याच्या मागे-पुढे होतात, त्याला कोणतीही पेटी वाचवत नाही. उलट कॉम्प्रेसर आणि ओव्हरड्राइव्ह चुकलेला सूर अधिक ठळक करून दाखवतात. म्हणून पैसे हातात असतील तर आधी नव्या तारा, चांगली वायर आणि गिटारची नीट जुळणी यांवर खर्च करावा. त्यानंतर उरले तर पेडल. ते घेतल्यानंतर पहिला महिना त्यातील तालयंत्र आणि हेडफोन एवढेच वापरावे. दररोज अर्धा तास, संथ लयीत, एकाच ठेक्यावर.

त्या अर्ध्या तासाचा परिणाम पुढच्या कार्यक्रमात दिसेल. कीबोर्डच्या डाव्या हाताला तारेवरून सरकणारे बोट, सुरापूर्वी घेतलेला क्षणभराचा श्वास आणि गायक थबकला की त्याच्यासोबत थबकणे, हे जमत नाही. ते माणसाला जमते. पेटीने फक्त ते शेवटच्या ओळीतील श्रोत्यापर्यंत स्वच्छ पोहोचवायचे असते. ते पोहोचले, तर ‘बेससाठी वेगळा माणूस कशाला?’ हा प्रश्न आयोजकाला पडणार नाही.